शिरपामाळ ते पाचाड : वृद्ध आईशी झालेल्या एका अवघड बोलण्याचा इतिहास

🧵 थ्रेड

१/
जव्हार शहराजवळ शिरपामाळ नावाचे ठिकाण आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज येथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे त्यांना भेटले आणि त्या भेटीतील शिरपेचाच्या मानावरून माळाला हे नाव मिळाले, अशी स्थानिक परंपरा आहे. पर्यटक येथे फोटो काढतात आणि पुढे सूर्यास्त पाहायला जातात. पण या माळावरून उत्तरेकडे गेलेला मुलगा महिन्याभराने घरी परतला, तेव्हा त्याच्यासमोर काय उभे होते, याची गोष्ट सुरतेच्या लुटीपेक्षा कमी सांगितली जाते. हा थ्रेड त्या गोष्टीविषयी आहे.

२/
आधी तारखा. १६६३ सरत असताना मराठी फौज उत्तर कोकणातून सुरतेकडे सरकत होती. ६ ते १० जानेवारी १६६४ हे सुरतेच्या लुटीचे दिवस. त्यानंतर लुटीचे ओझे घेऊन फौज वेगाने मागे फिरली.

३/
२३ जानेवारी १६६४. माघ शुद्ध पंचमी. सुरतेपासून शेकडो कोस दक्षिणेला, कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला. आज हे गाव दावणगेरे जिल्ह्यात आहे आणि तेथे शहाजीराजांची समाधी आहे.

मुलगा उत्तरेच्या मोहिमेवरून नुकता परतत होता. वडिलांचे अखेरचे दर्शन घडणे शक्यच नव्हते. नोकरीसाठी दूर गेलेल्या आजच्या मुलांना ही परिस्थिती परकी वाटणार नाही, फक्त त्या काळी बातमीच घोड्यावरून येत असे.

४/
राजगडावर जिजाऊ होत्या. परंपरेने मानलेले जन्मवर्ष १५९८ धरले, तर त्यांचे वय तेव्हा सहासष्ट होते. शहाजीराजांपासून त्या कित्येक वर्षे दूर राहत होत्या. एक कर्नाटकात, एक पुणे प्रांतात. तरीही पतिनिधनाची वार्ता येताच त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला, असे बखरी सांगतात.

५/
येथे घाईने पुढे जाऊ नये. सतराव्या शतकातील थोर घराण्यातल्या विधवेचा असा निश्चय कितपत तिचा आणि कितपत रूढीचा, हे वेगळे काढता येत नाही. समाजाच्या दृष्टीने तो धर्म होता. त्याला आडवे जाणे म्हणजे आईच्या पुण्याच्या आड येणे. म्हणजे चौतीस वर्षांच्या मुलासमोर दोन वाटा होत्या : आईचे म्हणणे मान राखून ऐकायचे, किंवा आईचा शब्द मोडून तिला जगवायचे.

त्याने दुसरी वाट धरली.

६/
बखरींतील हा प्रसंग मराठी वाचकांना ठाऊक आहे. शिवाजी महाराज आईच्या मांडीवर बसले, गळ्याला मिठी घातली, शपथ घातली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : माझा पराक्रम पाहणारे आता दुसरे कोण आहे? तुम्ही जाऊ नये.

बखरी घटनेनंतर लिहिल्या गेल्या, त्यात भक्तिभाव आहे, संवाद शब्दशः खरे मानण्याचे कारण नाही. पण मुलाचा युक्तिवाद कोणता असावा असे त्या काळच्या माणसांना वाटले, याची साक्ष म्हणून हा मजकूर मोलाचा आहे.

७/
या युक्तिवादात काय नाही, ते आधी पाहावे. "तुमची सेवा करीन", "तुम्हाला काही कमी पडू देणार नाही", "आता देवाचे नाव घेत स्वस्थ बसा" असे त्यात काहीच नाही. वृद्ध आईबापांशी बोलताना मुलांच्या तोंडी सहसा हीच वाक्ये येतात. हेतू प्रेमाचा असतो, पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की आपले काम संपले.

८/
महाराजांच्या तोंडी बखरकारांनी घातलेले वाक्य उलट दिशेचे आहे. त्यात आईची गरज मुलाला आहे. राज्य अजून उभे राहायचे आहे आणि ते पाहायला, तपासायला, चुकले तर बोलायला कोणीतरी हवे आहे.

बखरींत मुलाची विनवणी येते. जिजाऊंचे उत्तर मात्र त्यांनी पुढे काय केले, त्यातूनच वाचावे लागते. त्या राहिल्या. आणखी दहा वर्षे.

९/
आता या दहा वर्षांकडे पाहू, कारण "गरज आहे" असे म्हणणे सोपे असते. म्हटल्यावर खरोखर काम सोपवले का, हा पुढचा प्रश्न.

जानेवारी १६६५ : सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वरी जिजाऊंची सुवर्णतुला झाली. त्याच वेळी सोनोपंत डबीर या घरच्या जुन्या, वृद्ध मुत्सद्द्याचीही तुला करण्यात आली. आईच्या पारड्याशेजारी म्हाताऱ्या सेवकाचेही पारडे असावे, ही गोष्ट लहान नाही.

१०/
पण तुला हा सन्मान झाला. काम सोपवणे वेगळे. ते १६६६ मध्ये दिसते.

पुरंदरच्या तहानंतर महाराजांना आग्र्याला जावे लागले. मार्च १६६६ मध्ये त्यांनी राजगड सोडला, बरोबर जेमतेम नऊ वर्षांचे संभाजीराजे. मे महिन्यात औरंगजेबाच्या दरबारात तो प्रसिद्ध प्रसंग घडला, मग नजरकैद आणि १७ ऑगस्टला सुटका. परत येण्याची खात्री कोणालाच नव्हती.

११/
या काळात स्वराज्याच्या कारभारावर देखरेख कोणाची होती? जिजाऊंची. मोरोपंत पिंगळे, निळो सोनदेव यांच्यासारखी कर्ती माणसे हाताशी होती, पण शेवटचा आधार अडुसष्ट वर्षांच्या आऊसाहेब होत्या. दोन वर्षांपूर्वी ज्यांची चितेकडे जाण्याची तयारी होती, त्यांच्या हाती मुलगा आपले राज्य ठेवून गेला होता. परत येईल की नाही, हे ठाऊक नसताना.

१२/
आणखी एक काम होते. इतिहासाची पुस्तके ते एका वाक्यात उरकतात. संभाजीराजांच्या मातोश्री सईबाई १६५९ मध्ये वारल्या, तेव्हा मूल अडीच वर्षांचेही नव्हते. त्याला वाढवले आजीने. म्हणजे "वृद्ध आईला कोण सांभाळणार" हा प्रश्न भोसल्यांच्या घरात उभा राहिला, तेव्हा ती आई स्वतः एका पोरक्या नातवाला सांभाळत होती. सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा अशा दोन रांगा घरात नसतातच. एकच माणूस दोन्हीकडे उभे असते.

१३/
आता पाचाड.

राजधानी रायगडावर गेली. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० फूट. आज चौदाशेंहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. पावसाळ्यात ढग अंगावरून जातात, वारा उभे राहू देत नाही. सत्तरीच्या जिजाऊंना गडावरची हवा मानवेना, म्हणून महाराजांनी पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला, ही गोष्ट रायगडचा प्रत्येक वाटाड्या सांगतो.

१४/
वाड्याचे अवशेष पाहण्यासारखे आहेत. भक्कम तटबंदी, दरवाजे, आत जोती आणि विहिरी. त्यांतील एकीला तक्क्याची विहीर म्हणतात. तेथे दगडातच टेकून बसण्याची सोय आहे, आणि आऊसाहेब तेथे बसून पाणी भरायला येणाऱ्या बायकांची विचारपूस करीत, अशी आठवण गावाने जपली आहे. ती खरी असो वा नसो, म्हाताऱ्या बाईला बसायला जागा माणसांच्या वर्दळीत हवी, हे त्या आठवणीला बरोबर कळले आहे.

१५/
पाचाडची निवड नीट समजून घ्यावी. गडावरच ठेवले असते, तर मुलगा आणि दरबार जवळ, पण शरीर थकले असते. दूरच्या सपाट मुलखात ठेवले असते, तर हवा चांगली, पण आऊसाहेब कारभारापासून तुटल्या असत्या. पाचाड ही मधली जागा होती. गडावर जाणारी वाट जवळून जाते, खबर रोज मिळते, पालखी वर जाऊ शकते आणि रात्री थंडी बाधत नाही.

हा तोडगा आधी कोणाला सुचला, आईला की मुलाला, हे महत्त्वाचे नाही. दोघांचीही थोडी माघार त्यात दिसते.

१६/
६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. "पराक्रम पाहायला कोण आहे" या दहा वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर तेथे गडावर हजर होते. अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाडच्या वाड्यात जिजाऊंनी देह ठेवला. त्यांची समाधी पाचाडलाच आहे.

(जव्हारच्या विक्रमशहांचे पुढे काय झाले, हा प्रश्न येणारच, म्हणून जाता जाता : मैत्री टिकली नाही. जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले.)

१७/
ही गोष्ट इथेच थांबवली, तर ती फार गोड होईल. मराठ्यांच्या इतिहासात याच्या अगदी उलट उदाहरणही आहे. जव्हारहून मोखाडा, त्र्यंबक करीत घाट चढून गेले की नाशिक लागते. नाशिकजवळ गोदाकाठी गंगापूर आहे. पेशवे नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी आयुष्याचा उत्तरार्ध तेथे काढला.

१८/
१७६१ चे साल या बाईंसाठी किती क्रूर होते! जानेवारीत पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव गेला, जूनमध्ये पती गेले. सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले आणि गोपिकाबाईंनी कारभारात लक्ष घातले. हुशार, करारी बाई. मुलगाही तितकाच करारी. कारभारात आईचा शब्द कुठवर चालावा, यावरून दोघांचे बिनसले आणि गोपिकाबाई पुणे सोडून गंगापूरला गेल्या.

१९/
तेव्हा त्या काही म्हाताऱ्या नव्हत्या, चाळिशीच्या आसपास होत्या. पण वेगळे राहण्याचा निर्णय भांडणातून झाला की तो तात्पुरता राहत नाही, वय त्याच्यावर साचत जाते. पुणे आणि गंगापूर यांत पत्रे जात-येत राहिली, खुशाली विचारली जात होती. मूळ प्रश्न तसाच राहिला.

२०/
नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने माधवराव गेले. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. तिन्ही मुलगे गेले, आई उरली. १७८८ पर्यंत त्या जगल्या. नातू सवाई माधवरावांना त्यांनी लिहिलेले उपदेशाचे पत्र प्रसिद्ध आहे : कधी उठावे, कसे वागावे, कारभार कसा शिकावा, कलमागून कलमे. ते वाचताना वाटते, काम करायला उत्सुक असलेले एक डोके कित्येक वर्षे गोदाकाठी रिकामे बसले होते.

पाचाड आणि गंगापूर, दोन्हीकडे आई राजधानीपासून वेगळी राहिली. अंतरापेक्षा तेथे जाण्यापूर्वी काय बोलणे झाले, यात फरक आहे.

२१/
राजघराण्यांची गोष्ट झाली. सामान्य घरात हे बोलणे कुठे होत असे? बहुधा वाटणीच्या वेळी. भाऊ वेगळे झाले की शेत, घर, भांडी वाटली जात आणि त्याबरोबरच आईबापांच्या पोटगीची तजवीज ठरे. कोणी किती धान्य द्यायचे, कोणत्या खोलीत राहायचे, कोणत्या मुलाकडे किती महिने. रुक्ष, काहीसा क्रूर व्यवहार. पण निदान चार माणसांसमोर बोलून ठरे.

२२/
मागे धर्मशास्त्राचा आधार होता. वृद्ध आईबाप, साध्वी पत्नी आणि लहान मूल यांना शंभर अकार्ये करूनही पोसावे, असे मनूच्या नावावरचे वचन आहे. मिताक्षरा ही याज्ञवल्क्य स्मृतीवरील टीका सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात लिहिली गेली. मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालये हिंदू कुटुंबांचे दावे बऱ्याच अंशी तिच्या आधारे चालवीत.

२३/
१९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने ही जबाबदारी मुलीवरही टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली धर्म कोणताही असो, निराधार आईबापांना दंडाधिकाऱ्यापुढे पोटगी मागता येऊ लागली. विवाहित मुलीचे काय? तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो ठाणे जिल्ह्यातूनच. एका वडिलांनी कल्याणला डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडे पोटगी मागितली होती. १९८७ मध्ये न्यायालयाने सांगितले की लग्नाने मुलीचे हे कर्तव्य संपत नाही. जव्हार-मोखाडा तेव्हा त्याच ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा.

२४/
२००७ मध्ये आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा स्वतंत्र कायदा आला. अर्ज ऐकणारे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाचे. मूळ कायद्यानुसार वकील उभा करता येत नाही. निर्णय नव्वद दिवसांत अपेक्षित. मूळ कायद्यातील पोटगीची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये.

या कायद्यातील सर्वांत कमी चर्चिलेली तरतूद निराळीच आहे. सुनावणीपूर्वी न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते, आणि त्याने एका महिन्यात अहवाल द्यायचा असतो. घरात जे बोलणे झाले नाही, त्यासाठी कायद्याने एक महिना राखून ठेवला आहे. फार उशिराचा महिना, पण आहे.

२५/
आता पुन्हा जव्हारला.

भात आणि नागली घरात आली, दिवाळी झाली, की जव्हार-मोखाड्यातील पाडे रिकामे होऊ लागतात. वीटभट्ट्या, बांधकामे. भिवंडी, वसई, ठाणे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबांतली कर्ती माणसे कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आधी घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे जावे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

२६/
पाड्यावर राहतात म्हातारी माणसे. बऱ्याचदा नातवंडांसह, म्हणजे शाळा बुडू नये. शेळ्या, कोंबड्या, घर आणि मुले त्यांच्यावर सोपवलेली. सईबाईंच्या पश्चात राजगडावर जे चालले, तेच येथे कुडाच्या घरात चालते, फक्त मदतीला मोरोपंत नसतात.

२७/
या गोष्टीत राज्याचाही हात आहे. गावातच काम मिळाले, तर म्हाताऱ्यांना मागे टाकून जावे लागणार नाही, हा रोजगार हमीचा एक न लिहिलेला फायदा. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आहे, देशाने २००५ मध्ये त्याच वाटेने पाऊल टाकले. तरीही दिवाळीनंतरची वाट चालूच आहे. काम उशिरा निघते, मजुरी उशिरा मिळते, आणि मुकादमाची उचल मात्र रोख असते.

२८/
राज्याच्या वृद्ध निवृत्तिवेतन योजनेचे नाव श्रावणबाळ. आंधळ्या आईबापांना कावडीत घेऊन हिंडणाऱ्या मुलाचे नाव सरकारने महिन्याच्या मदतीला दिले, यातला उपरोध बहुधा कोणाच्या लक्षात आला नसावा. मदतीची रक्कम ६०० रुपयांवरून १,००० आणि जुलै २०२३ पासून १,५०० झाली. पाड्यावरच्या घरात हे पैसे अनेकदा केवळ म्हातारीचे राहत नाहीत, नातवंडांचे तेल-मीठही त्यातूनच येते.

२९/
त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री या घरांत जे बोलणे होते, ते राजगडावरच्या बोलण्याहून फार वेगळे नसते. रेशनकार्ड कोणाजवळ ठेवायचे. पेन्शनचे पैसे आणायला जव्हारच्या बँकेपर्यंत म्हातारीबरोबर कोण जाणार. उन्हाळ्यात विहीर आटली की हंडा कोण आणणार. रात्री दुखले-खुपले, तर शेजारच्या कोणत्या घराला हाक मारायची, आणि त्यांच्या फोनमध्ये मुलाचा नंबर आहे का. शिमग्याला कोणी येणार आहे की थेट पावसाळ्यालाच. आणि सर्वांत शेवटी, बहुधा चुलीपाशी पाठ फिरवून विचारलेले : आई, तू येतेस का भट्टीवर, का राहतेस इथे?